ओबरकीर्नच्या दोराचा सहावा सांधा

बसा हो, बसा. अशी घाई नका करू. तुम्ही जर्मनीला निघालात म्हणून कानावर आलं, मशिनं शिकायला. तिथले कारखाने नि तिथल्या गाड्या तुम्हाला तुमचे साहेब लोक सांगतीलच. मी तुम्हाला तिथल्या एका डोंगराची गोष्ट सांगतो. आमचा आत्माराम तांडेल त्या डोंगरावर दोनदा गेला, एकदा उन्हाळ्यात नि एकदा भर हिवाळ्यात. ऐकून बघा. नाही आवडली तर चहाचं मी देतो, नाहीतरी मीच देणार आहे.

आत्माराम देवगडकडचा. माझगावच्या गोदीत खलाशी. खलाशी म्हंजे बोटीवर फिरणारा नव्हे, जड सामानाला दोर लावून क्रेनला अडकवणारा. गोदीत त्याला खलाशीच म्हणतात. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर दयाळू होता म्हणून. पण तारेचा दोर सांधावा तर आत्मारामनं. दोन टोकं त्याच्या मांडीवर द्या, तासाभरानं हात फिरवून सांगा बरं जोड कुठं आहे. नाही सांगता यायचं.

अठ्ठावन्न साली सरकारनं पोलादाच्या कारखान्यासाठी माणसं जर्मनीला शिकायला पाठवली, त्यात हा निघाला. बावीस जण. एकवीस मॅट्रिक झालेले आणि एक आत्माराम. न्युरेम्बर्गला मोठ्या क्रेनच्या कारखान्यात ठेवले. राहायला वोनहाइम, म्हंजे कामगारांचं वसतिगृह. बाकीचे वह्या काढून लिहून घ्यायचे, हा उभा राहून बघायचा. हाताला कळायचं सगळं, पण तोंडाला भाषा नाही. जर्मन तर नाहीच, इंग्रजी म्हंजे ‘यस सर’ नि गोदीतलं ‘हापीज’, म्हंजे उचल. बायको कुसुम, तिला पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, त्यामुळे मनातलं काही लिहिता यायचं नाही. आत्माराम खुशाल आहे, एवढंच जायचं प्रत्येक पत्रात.

अशात त्याला श्रीपाद भेटला. पुण्याचा पोरगा, चष्मेवाला, ब्राउनश्वाइगला डॉक्टर व्हायला आलेला. औषधाचा नव्हे, दोराचा डॉक्टर. तारेचा दोर किती ताणला की तुटतो यावर मोठं पुस्तक लिहीत होता. दोराचे तुकडे तपासायला न्युरेम्बर्गला आला नि कँटिनमध्ये आत्मारामला बटाट्याशी झगडताना बघून म्हणाला, “काय दादा, मीठ पाहिजे का?”

आत्माराम मला सांगायचा, “अरे, त्या दिवशी मी त्या पोराच्या पाया पडायचाच राहिलो. चार महिन्यांनी कोणी मीठ म्हटलं.”

जुलैत कारखाना दोन आठवडे बंद. सगळे फिरायला गेले. श्रीपाद म्हणाला, “दादा, आल्प्समध्ये येता? ओबरकीर्न म्हणून गाव आहे. हिवाळ्यात तिथं लोक बर्फावर घसरायला येतात. डोंगरावर न्यायला खुर्च्यांची लिफ्ट आहे, तिचा दोर मला मोजायचाय.”

“घसरायला पैसे देऊन येतात?”

“पायाला फळ्या बांधून येतात.”

“आमच्याकडं शेवाळावर फुकटात घसरतात,” आत्माराम म्हणाला नि पिशवी भरायला घेतली.

गेले. आता आत्मारामच्या डोक्यात बर्फ. बघतो तर काय, डोंगर हिरवागार, बेडकाच्या पाठीसारखा. गाई चरताहेत, एकेकीच्या गळ्यात देवळातल्याएवढी घंटा. उन्हात गवताचा वास. आणि त्या गवतात खालपासून वरपर्यंत लोखंडी खुर्च्या काढून ठेवलेल्या, एकामागं एक, लग्न उरकल्यावर मांडवात पडतात तशा.

“श्रीपादराव, बर्फ कुठाय?”

“तो डिसेंबरात.”

“मग आता काय बघायचं?”

“दोर बघायचा,” श्रीपाद म्हणाला. “वर्षभर ताणून ताणून दोर लांबतो. मग उन्हाळ्यात तो कापून थोडा आखूड करतात आणि परत सांधतात. ते काम चाललंय.”

आत्मारामचे हात शिवशिवले म्हणतात ते तिथं.

लिफ्ट सांभाळणारा होता झेलर म्हणून एक म्हातारा. साठीचा, पाईप ओढून मिशा पिवळ्या झालेल्या, डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. चार माणसांचं काम तो एकट्यानं रेटत होता, कारण ऊन पडलं म्हणून त्याचे गडी आपापल्या कुरणात गवत कापायला पळालेले. आपल्याकडं लावणीला माणूस मिळतो का? तसंच ते. श्रीपाद आपली मापं घेत बसला. आत्माराम थोडा वेळ उभा राहिला, मग पुढं गेला नि दोराचं दुसरं टोक उचलून धरलं. म्हाताऱ्यानं वर बघितलं. याच्या हाताकडं बघितलं, घट्टे होते ना. बाजूची टोकदार सळई उचलून याच्या हातात दिली. झाली ओळख.

आता सांधा कसा करतात ते एकदा ऐका, म्हंजे पुढचं कळेल. त्या दोराला सहा पेड असतात, मध्ये तागाचा गाभा. दोन्ही टोकांचे पेड एकमेकांत असे वळवायचे की वीस-पंचवीस मीटर लांबीत सहा ठिकाणी पेडाला पेड भेटतो, त्या एकेका जागेलाही सांधाच म्हणतात. तिथं गाभा काढून टाकायचा आणि पेडांची उरलेली शेपटं त्या गाभ्याच्या जागी पोटात खोचायची. वरून दोर सगळीकडे सारखा जाड. गोदीत दोर सांधतात, पण त्याला असा लांब सांधा नाही लागत. तरी आत्माराम एका दुपारीत शिकला. झेलर एक करून दाखवायचा, हा दुसरा करायचा. भाषा कशाला लागते? एक म्हणायचा “या, या”, म्हंजे त्यांचं हो हो, दुसरा म्हणायचा “हां, हां”.

दुसऱ्या दिवशी पाच सांधे झाले. सहावा राहिला. तेवढ्यात लिफ्टचा मालक हूबर, त्याचंच खाली हॉटेल, त्यानं झेलरला हाक मारून नेलं. जाताना म्हाताऱ्यानं डांबराच्या कापडाच्या पट्ट्या आत्मारामच्या हातात दिल्या, दोराकडं बोट केलं नि गेला.

म्हंजे काय, तू कर! परक्या देशात, परक्या माणसानं, एवढ्या मोठ्या दोराचा सांधा एकट्याच्या हवाली केला. आत्मारामची छाती फुगली. आणि फुगली की माणूस आपल्या हाताच्या सवयीनं चालतो. गोदीत खारं वारं. तिथं तारेला चरबी फासल्याशिवाय खलाशी काही आत घालत नाही, नाहीतर पावसाळ्याच्या आत गंज. यानं ते डांबरी पट्ट्यांचं बांधणं बाजूला ठेवलं, खुर्च्यांच्या कड्यांना लावायचा चरबीचा डबा ओढला नि दोन्ही शेपटं चांगली माखून पोटात सारली. सुळकन गेली. वरून फडक्यानं पुसून घेतलं.

झेलर आला. डोळे मिटून दोरावरून हात फिरवत गेला. जोड सापडेना. “गेनाऊ!”, म्हंजे अगदी बरोबर, असं म्हणून त्यानं आत्मारामच्या पाठीत अशी थाप मारली की हा दोन पावलं पुढं गेला. संध्याकाळी घरी जेवायला नेलं. झेलरीणबाईनं पिठाचे उकडलेले गोळे केले, मऊ, आपल्या उकडीसारखे, वर कांदा परतून. हा गाईचं खात नाही हे तिला श्रीपादनं सांगायच्या आधीच कळलं, यानं मटणाच्या भांड्याकडं बघून जो चेहरा केला त्यावरून. तिनं ते भांडं उचललं नि हसून अजून चार गोळे वाढले.

दोन दिवसांनी खुर्च्या चढल्या, लिफ्ट चालू झाली. पहिल्या खुर्चीत एक म्हातारी टोपी धरून बसली, पाय हलवत गेली वर. आत्माराम खाली उभा राहून बघत राहिला. आपल्या हातचा दोर डोंगर चढतोय म्हणून.

तर हे उन्हाळ्याचं.

डिसेंबर आला. नाताळाला वोनहाइम रिकामं. श्रीपाद सव्वीस तारखेला दुपारी आला, हातात तांदळाची पुडी. दोघांनी भात टाकला. श्रीपाद आपल्या पुस्तकाचं सांगत होता, आत्माराम कांदा चिरत होता.

“दादा, लोकांना वाटतं सांध्याला काहीतरी गाठ असते. गाठ कुठली? नुसतं घासून धरलेलं असतं. बाई वेणी घालते, रिबिनीचं टोक आत खोचते, तसं. ताण आला की वेणीच आवळते नि टोक पकडून ठेवते. म्हणून तर ती शेपटं कोरडी ठेवून वर डांबरी कापड गुंडाळतात. तेलकट झालं तर धरणार काय?”

आत्मारामची सुरी थांबली.

“मी लावली होती.”

“काय?”

“चरबी. सहाव्या सांध्याला. बोटं भरभरून.”

श्रीपादनं चष्मा काढला. “आणि पट्ट्या?”

“बाजूला ठेवल्या. गवतात.”

चुलीवर भात उतू गेला, कोणी उठलं नाही.

“अहो दादा, पाच महिने झाले लिफ्ट चालतेय,” श्रीपाद म्हणाला. “काही झालं असतं तर एव्हाना...”

“पाच महिने कोण बसलं असेल? फिरायला आलेल्या चार म्हाताऱ्या. आता सगळ्या खुर्च्या भरून चालल्या असतील. जड कपडे, फळ्या, थंडी. श्रीपादराव, पेड सुटला तर दोर खांबावरच्या चाकातून उडेल. मी बघितलाय असा उडालेला दोर.”

दोघं खाली रखवालदाराच्या खोलीत गेले, ओबरकीर्नला फोन लावला. हॉटेलातला फोन, उचलला हूबरनं. मागं गर्दीचा, बशांचा आवाज. श्रीपादनं जर्मनमध्ये सांगितलं. हूबर म्हणाला, झेलर डोंगरावर आहे, लिफ्ट तपासलेली आहे, सगळं ठीक आहे, तुम्हाला नववर्षाच्या शुभेच्छा. फोन ठेवला.

आता बघा, इथं माणूस काय करेल? फोन केला, सांगितलं, हात झटकले. श्रीपादनं ते सुचवलंही. वर म्हणाला, “दादा, एक लक्षात घ्या. ही बातमी तुमच्या फोरमनला, त्या वेर्कमाइस्टरला कळली, की यानं परक्याच्या लिफ्टवर हात घातला नि चूक केली, तर तुम्हाला पहिल्या बोटीनं घरी पाठवतील. काम अर्धं टाकून.”

आत्मारामला घर आठवलं. घरी कुसुमनं अख्ख्या चाळीला सांगून ठेवलेलं, आमचे हे जर्मनीहून साहेब होऊन येणार म्हणून. त्या तोंडानं परत जायचं? आणि दुसरंही होतं. गोदीत दहा वर्षं काढलेली. तिथं खलाशानं ‘क्रेन थांबवा’ म्हटलं तर मुकादम म्हणायचा, तू कोण रे, साहेब का? कारण सांग. आणि खलाशाला कारण सांगता येत नाही हो. हाताला कळलेलं असतं, तोंडात येत नाही. मग क्रेन चालतच राहायची. इथं तर भाषासुद्धा नाही. कोण ऐकणार?

आत्माराम म्हणाला, “पहिली गाडी किती वाजता?”

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले, म्युनिकला बदलून दुपारी बारा-साडेबाराला ओबरकीर्न. बानहोफमधून, म्हंजे स्टेशनातून, बाहेर पडले नि आत्माराम उभाच राहिला. गाव सापडेना! जुलैतला रस्ता नाही, कुंपण नाही, कुरण नाही. उरणची मिठागरं उभी करून डोंगराला टेकवावीत तसं पांढरं. डोळे उघडवेनात. घरांची छपरं फक्त दिसताहेत, त्यांवर हातभर जाडीची दुलई. आणि माणसं! लाल टोप्या, निळ्या टोप्या, खांद्यावर फळ्या. डोंगराच्या अंगावर मुंग्यांसारखी घसरताहेत, पडताहेत, हसताहेत.

आणि वर लिफ्ट. एकूण एक खुर्ची भरलेली. एकीत एक आजोबा, मांडीवर नात धरून.

आत्मारामच्या पायात शहरातले बूट, गुळगुळीत तळाचे. अंगात कारखान्याचा कोट. धावायला लागला नि दहाव्या पावलावर आडवा. उठला, परत आडवा. लोक हसले. शेवटी चार पायांवर चढायला लागला, लाज सोडून. श्रीपाद मागं होता तो रांगेत अडकला. लोकांना वाटलं हे दोन काळे रांग मोडून पुढं घुसताहेत. एक जाडी बाई श्रीपादला फळी आडवी घालून उभी राहिली, “रांगेत या, तरुण माणसा!” तो बिचारा तिला दोराचं शास्त्र समजावत बसला.

म्हंजे लिफ्टच्या पायथ्याशी झेलरचं खोपट होतं, तिथपर्यंत पोचला तो आत्माराम एकटा.

म्हातारा लिव्हरपाशी उभा. आत्मारामला बघून मिशीतल्या मिशीत हसला, हात पुढं केला. यानं हात घेतला नाही. धाप लागलेली, शब्द एकच येत होता. “हाल्ट,” म्हणाला, म्हंजे थांबव. “हाल्ट, हाल्ट.” मग बोटं दाखवली, एका हाताची पाच नि दुसऱ्याचं एक. सहा. मग अंगठा बोटांवर चोळून दाखवला, चरबी. मग एका मुठीतून दुसऱ्या हाताचं बोट सुळकन बाहेर काढलं. आणि स्वतःच्या छातीवर हात मारला. मी केलं.

झेलरनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली बघितलं, पायांकडं. आणि लिव्हर ओढला.

लिफ्ट थांबली. एवढ्या मोठ्या डोंगरावर एकदम शांत झालं. वर खुर्च्या नुसत्या डुलत राहिल्या. एक प्रश्न विचारला नाही हो त्यानं. का, कशासाठी, तू कोण, कागद कुठंय, काही नाही.

श्रीपाद कसाबसा सुटून आला, घामाघूम. त्यानं सगळं सांगितलं. झेलर ऐकत होता, पाईप दातात. मग म्हणाला, “आल्झो, बरं तर. वर त्रेसष्ट माणसं आहेत. आधी ती उतरवू.” नवीन कोणाला बसवायचं नाही, नि दोर असा सावकाश सोडायचा की गोगलगाय पुढं जाईल. दोरावर लाल खूण होती सांध्याची, ती त्या वेळी उताराच्या बाजूला मधल्या खांबापाशी. प्रत्येक खांबावरच्या चाकांवरून तो सांधा जाताना आत्माराम श्वास धरून उभा. एक खांब. दुसरा. तो आजोबा नि नात कुठं आहेत ते तो बघत होता. पाऊण तास लागला. आत्माराम म्हणायचा, कुसुमच्या पहिल्या बाळंतपणाला बाहेर बसलो होतो तेव्हासुद्धा एवढा मोठा पाऊण तास नव्हता.

शेवटची खुर्ची रिकामी झाली तोवर हूबर आला, हिरवा कोट, तोंड लाल.

“झेलर! वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस! कोणी सांगितलं थांबवायला?”

झेलरनं पाईपनं दाखवलं. “यानं.”

“हा कोण?”

“ज्यानं सांधा केला तो.”

“याला काय कळतं? कुठून आलाय हा?”

“न्युरेम्बर्गहून,” झेलर म्हणाला. “बाजूला हो, दोर आणतोय मी.”

सांधा खालच्या चाकापाशी आणला, ताण सैल केला. झेलरनं सळई घातली, पेड उघडले. शेपूट दिसलं. म्हाताऱ्यानं पकडीत धरून ओढलं. हललं नाही. पाय लावून ओढलं. केसभर हललं नाही. आत बघितलं तर चरबी कधीच पिळून बाहेर गेलेली, धूळ बसून तार तारेला गच्च चावून बसलेली.

हूबरनं दोन्ही हात वर केले. “झालं? ठीक आहे सगळं! दोन तास फुकट! तीनशे माणूस बर्फात उभं आहे!”

श्रीपादनं हे सगळं हळू आवाजात मराठीत सांगितलं. आत्मारामची मान खाली गेली. माणसांना काही धोका नव्हता याचा आनंद होता, खोटं कशाला बोला. पण शरम पण वाटली. वाटलं, गेलं आता. आपण आलो, थांबवलं, नि काही निघालं नाही. अडाणी तो अडाणीच.

झेलर खोपटात गेला नि एक जाड वही घेऊन आला. लिफ्ट रोज कधी सुरू झाली, कधी थांबली, का थांबली, सगळं तीत लिहायचं असतं. त्यानं बोटं फुंकून गरम केली नि लिहायला घेतलं.

“तांत्रिक तपासणी असं लिही,” हूबर म्हणाला.

“मी झालं ते लिहितो.”

“झेलर, कशाला त्या माणसाचं नाव...”

“आल्झो, याचं नाव कसं लिहायचं?” झेलरनं श्रीपादला विचारलं.

श्रीपादनं एकेक अक्षर सांगितलं. मग आत्मारामला वाचून दाखवलं. ‘बारा पंचावन्नला लिफ्ट थांबवली. सांधा करणारे कारागीर आत्माराम तांडेल यांना सहाव्या जोडाबद्दल शंका होती. ते स्वतः येऊन बोलले. जोड उघडून पाहिला.’

आता तुम्हाला यात काय मोठं वाटणार. तुमचं नाव शाळेपासून वह्यांत आहे. आत्मारामचं नाव आजवर हजेरीच्या पुस्तकात, तेही बऱ्याचदा चुकीचं. कारागीर म्हणून त्याला कोणी लिहिलं नव्हतं. त्यानं ती वही हातात घेतली, वाचता येत नव्हती तरी बघितली, नि परत दिली.

मग झेलरनं कापडाच्या पट्ट्या आणल्या, कोरड्या, नि सळई आत्मारामपुढं धरली. धरून ठेवलेला जोड तसाच ठेवता आला असता. पण म्हातारा म्हणाला, “याच्या मनासारखा होऊ दे, नाहीतर हा न्युरेम्बर्गला जाऊन झोपायचा नाही.”

आत्मारामनं शेपटं कापून साफ केली, घासून पुसली, पट्ट्या गुंडाळल्या. थंडीनं बोटं लाकडाची झाली, सळई पकडेना. झेलरनं त्याचे दोन्ही हात ओढून स्वतःच्या कोटाच्या आत, काखेत धरले, आपली आई धरते तसे. थोड्या वेळानं सोडले. परत काम. परत काखेत. असं तीन-चारदा. बाहेर ती जाडी बाई ओरडत होती, मग झेलरीणबाईनं मोठ्या पातेल्यात गरम लिंबाचं पाणी आणून वाटलं, तेव्हा तीही येऊन बघायला लागली. म्हणाली, “एवढ्या पातळ कोटात? वेडा आहे का हा?” आणि आपला मफलर काढून याच्या गळ्यात घातला. मघाशी फळी आडवी घालणारी, बरं का!

सांधा झाला. झेलरनं डोळे मिटून हात फिरवला. आत्मारामला धरून पहिल्या खुर्चीत बसवलं नि साखळी लावली.

“मी? मी कशाला?”

“तुम्हीच,” श्रीपाद खालून ओरडला. “आणि दादा, पाय वर घ्या!”

गेला वर. खाली झाडं बर्फानं वाकलेली, आवाज फक्त चाकांचा. प्रत्येक खांबावर टक-टक-टक व्हायचं. आत्माराम म्हणाला, पहिल्या दोन खांबांना भीती वाटली, तिसऱ्यापासून रडू आलं. थंडीनं डोळ्यांतलं पाणी गालावरच घट्ट व्हायचं, म्हणून पुसायला त्रास.

रात्रीच्या गाडीला वेळ होता. झेलरच्या घरी सूप, पाव. आत्मारामचे मोजे चुलीपाशी वाळत घातलेले, पायात झेलरचे लोकरीचे. श्रीपादनं म्हाताऱ्याला विचारलं, “झेलरसाहेब, एक सांगा. मी तर मागं होतो. यांना जर्मन येत नाही. तुम्हाला काहीच कळलं नसणार. मग थांबवली कशी?”

झेलर सुपात पाव बुडवत म्हणाला, “असल्या बुटांनी कोणी डोंगरावर उगाच येत नाही.”

एवढंच. श्रीपादनं ते आत्मारामला सांगितलं. आत्माराम उठला. काहीतरी बोलावं म्हणून उठला, पण कुठल्या भाषेत काय बोलणार? हात जोडून उभा राहिला. झेलर म्हणाला, “बसा, सूप गार होतंय.” झेलरीणबाईनं खांद्याला धरून बसवला नि वाटी भरली.

कारखान्यात काही कळलं नाही असं नव्हे. झेलरनंच पत्र लिहिलं वेर्कमाइस्टरला. आत्माराम घाबरून गेला बोलावल्यावर. वेर्कमाइस्टरनं पत्र वाचलं, घडी केली, नि दुसऱ्या दिवसापासून याला दोरांच्या तपासणीवर घातलं. तिथून परत येईतो तेच काम. पुढं सत्तावीस वर्षं आपल्या पोलादाच्या कारखान्यात क्रेनच्या दोरांवर होता, नि कोणी पोरगा येऊन ‘काका, मला जरा वाटतंय’ म्हणाला की हा आधी क्रेन थांबवायचा, मग त्याला बसवून पाणी द्यायचा, मग विचारायचा काय वाटतंय. साहेब लोक बोलायचे. बोलू दे म्हणायचा.

झाली गोष्ट. चहा घ्या, साय धरली बघा.

आता माझं एक ऐकाल? तुम्ही शिकून याल, साहेब व्हाल. तुमच्या हाताखाली पन्नास माणसं येतील, त्यांत एखादा असेल तिसरी शिकलेला, धड बोलता न येणारा. तो एक दिवस तुमच्यासमोर उभा राहील, नुसते हातवारे करील, म्हणेल साहेब थांबवा. तेव्हा कारण विचारू नका हो त्याला. आधी थांबवा. काही नाही निघालं तरी त्याच्यावर ओरडू नका, आणि त्याचं नाव नीट लिहा. कराल ना एवढं?